वरचं दूध सुरू केलं म्हणजे अंगावरचं सुटलं असं नसतं

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी स्तनपानावर लेख येतात, तसा यंदा तुमच्या पुरवणीतही आला. आईचं दूध अमृत आहे, पहिल्या तासात बाळाला छातीशी लावा, सहा महिने दुसरं काहीच देऊ नका, पाणीसुद्धा नको, त्यानंतर वरण-भात, खिमट सुरू करून दोन वर्षं अंगावर पाजत राहा. लेख चांगला होता, त्यात चूक काढण्यासारखं काही नाही, मी स्वतः प्रत्येक बाईला हेच सांगते. पण जिच्या हातात तिसऱ्याच दिवशी दवाखान्यातून डब्याच्या दुधाची चिठ्ठी पडते तिनं पुढे काय करायचं यावर त्यात एक ओळ नव्हती. मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ती बाई मी होते आणि माझ्यासारख्या किती जणी आज या क्षणाला आपल्या माहेरी खाटेवर बसून रडत असतील हे मला माहितीये, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल, कापायचं असेल तर माझी कहाणी कापा पण पावडरच्या मापाचं जे पुढे लिहिलंय ते कापू नका.

माझं सासर अमळनेर, माहेर धरणगावकडचं. बाळंतपण जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात झालं, सिझर. बाळ २ किलो ४०० ग्रॅमचं. पहिले दोन दिवस मला उठून बसता येत नव्हतं, चीक आला तो चमचाभर, आणि सगळ्यांनी तो बघून तोंड वाकडं केलं की एवढ्याशानं काय होतंय. आता मला माहितीये की पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतंच थोडंसं, चमचाभर, आणि तो पिवळा घट्ट चीक म्हणजे त्याची पहिली लसच असते. सिझर झालं की दूध उतरायला एखाददोन दिवस जास्त लागू शकतात हेही आता माहितीये. तेव्हा कोणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी काट्यावर २ किलो १५० भरलं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर काळजी करतात आणि केलीच पाहिजे, आमचं दहाच्या वर गेलं होतं. त्यामुळे वरचं दूध द्या म्हणाले यात डॉक्टरांची काहीच चूक नव्हती, बाळाला त्या दिवशी त्याची गरज होती, हे मी अगदी स्पष्ट लिहिते.

चूक पुढे झाली. चिठ्ठीवर डब्याचं नाव, खाली ‘३० मिली, दर तीन तासांनी’, संपलं. आधी छातीला लावायचं आणि मग वरचं द्यायचं हे कोणी बोललं नाही. जेवढ्या वेळा डब्याचं देतोय तेवढ्या वेळा स्वतःचं दूध हातानं काढत राहायचं नाहीतर ते आटेल हे कोणी बोललं नाही. हे कधीपर्यंत द्यायचं, कमी कसं करायचं, काहीच नाही. खालच्या मेडिकलमधून माझा भाऊ डबा आणि दोन बाटल्या घेऊन आला आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी.

घरी आल्यावर जे झालं ते कुणाच्याही घरी होतं तसंच. बाटलीनं बाळ गटागटा प्यायचं, चार-चार तास झोपायचं, घरातले खूश. डब्याचं दूध पचायला जड, बाळ जास्त वेळ झोपतं, मग मधली एक वेळ अंगावर घ्यायची चुकते, ती चुकली की छातीला निरोप जातो की आता एवढं दूध लागत नाही. शरीराचा हिशोब सरळ आहे, जेवढं रिकामं होईल तेवढं भरेल. तुंबून राहिलं तर कमी बनेल. आठ-दहा दिवसात माझी भरलेली छाती मऊ पडली, बाळाला घेतलं की दोन घोट ओढून मान फिरवायचं आणि ओरडायचं, कारण बाटलीतून न ओढता येतं आणि इथे ओढावं लागतं. आणि तो ओरडला की सगळं घर माझ्याकडे बघायचं.

आमची आजी, म्हणजे आईची आई, खूप मायाळू, पण ती उंबऱ्यात बसून म्हणायची, “माय वं, पोर उपाशी शे. तुना आंगवर दूधच नही.” मावशी आली, “आमना टाइमले कोठे व्हतात डबा, तरी पोरं वाढनातच ना.” एक म्हणते डबा दे, दुसरी म्हणते डबा का देते, आणि दोघींचं बोलणं एकाच तासात एकाच खाटेवर बसून ऐकायचं. मला दोघींचा राग नाही. पण बाळंतिणीला त्या दिवसात मेथीच्या लाडवाइतकीच गरज असते ती कोणीतरी शेजारी बसून नीट बघण्याची, आणि ते बघणारं माणूस मला चौदाव्या दिवशी भेटलं.

ती आमच्या माहेरच्या गावची आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी सहा वेळा येते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातच होते, सातव्याला ती आली तेव्हा बाळ झोपलं होतं म्हणून वजन करून गेली. चौदाव्याला मात्र बसली. मला वाटलं आता हीसुद्धा रागावेल, मी डबा पदराखाली सरकवला. तिनं तो उचलला, बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, ताई हा राहू दे, आधी मला सांग चोवीस तासात लंगोट किती ओले होतात. मला माहीत नव्हतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त वेळा लघवी, रंग पिवळाधमक नाही तर पाण्यासारखा, आणि आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वजन वाढतंय, तर बाळाचं पोट भरतंय, मग ते कितीही रडो. रडणं म्हणजे दरवेळी भूक नाही. संध्याकाळी पाच ते नऊ बरीच बाळं सारखी सारखी छातीला मागतात, सोडतात, परत मागतात, त्याचा अर्थ दूध संपलं असा नाही. महिना-दीड महिन्यानंतर छाती मऊ लागते, गळायची थांबते, त्याचाही अर्थ दूध संपलं असा नाही. हे दोन गैरसमज जरी आमच्या खानदेशातल्या घराघरातून गेले ना, तर निम्मे डबे उघडलेच जाणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

मग तिनं मला बाळाला घ्यायला लावलं आणि पूर्ण वेळ, वीस-पंचवीस मिनिटं, बघत बसली. हातात घड्याळ नाही, मोबाईल नाही. मी वाकून छाती बाळाच्या तोंडाकडे नेत होते, तिनं माझ्या पाठीमागे उशी लावली आणि बाळाला माझ्याकडे आणलं. त्याचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबली, आणि मग असं जवळ घेतलं की फक्त टोक नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात गेला, खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी छातीला टेकली. पहिल्यांदा मला गिळण्याचा आवाज आला. खच्च, थांबायचं, खच्च. चौदा दिवसात दुखल्याशिवाय पाजलं असं ते पहिलंच. मी रडायला लागले, आई पण. आशाताईनं सांगितलं की तिला हे स्तनपानाच्या सरकारी ‘माँ’ कार्यक्रमाच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, २०१६ पासून सुरू आहे तो. माझ्यासाठी त्या सरकारी ट्रेनिंगची किंमत किती आहे ते मी पैशात सांगू शकत नाही.

डबा तिनं एका दिवसात बंद करायला सांगितला नाही, हे महत्त्वाचं. बाळ हलकं होतं, एकदम बंद केलं असतं तर वजन परत पडलं असतं. तिनं सांगितलं आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, मग वरचं, तेही बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. बाळाला जरा बसतं धरून, चमचा ओठाला टेकवायचा, त्यानं स्वतः जिभेनं घ्यायचं, घशात ओतायचं नाही. मग बाळ आईकडे दिल्यावर मी दहा मिनिटं हातानं दूध काढायचं, थेंब आले तरी चालतील, निरोप गेला पाहिजे. काढलेलं तेच पुढच्या वेळी आधी द्यायचं. आणि रात्री डबा नाही, रात्री फक्त अंगावर, कारण दूध बनवणारं जे प्रोलॅक्टिन असतं ते रात्रीच्या पाजण्यानं जास्त वाढतं. दिवसाच्या एकेका वेळचं दहा-दहा मिली कमी करायचं आणि आठवड्याला अंगणवाडीत वजन. वजन वाढलं तर अजून कमी, नाही वाढलं तर आहे तिथेच थांबायचं.

पाच आठवडे गेले. मे महिना, जळगाव जिल्ह्यातला मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पत्र्याच्या खोलीत दिवसा कूलर गरम हवा फेकतोय, रात्री तीनला लाईट गेलेली, आई पदरानं वारा घालतेय, बाळाला उजव्या बाजूनं घेतलेलं, आणि बाजूला स्टीलची वाटी झाकून ठेवलेली तिच्यात माझंच काढलेलं अर्धी वाटीसुद्धा नाही एवढं दूध. एका वेळी तेवढं निघायला लागायलासुद्धा मला अठरा दिवस लागले होते. एवढ्या उन्हात बाळाला पाणी पाजा असं रोज कोणी ना कोणी सांगायचं. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांच्या आत ४५ डिग्रीलासुद्धा वेगळं पाणी लागत नाही, तहान लागली की ते जास्त वेळा अंगावर मागतं, एवढंच. पाणी आईनं प्यायचं.

आठ वेळच्या डब्यावरून मी तीनवर आले, मग दोनवर. शून्यावर कधीच आले नाही. आणि इथेच मला तुमच्या लेखाशी बोलायचंय. लेख वाचून असं वाटतं की फक्त आईचं दूध एका बाजूला आणि फक्त डबा दुसऱ्या बाजूला, मध्ये काही नाही. मध्ये खूप काही आहे. मी सहा वेळा अंगावर आणि दोन वेळा डब्याचं देत होते, तर माझ्या बाळाला दिवसाचं बहुतेक दूध माझंच मिळत होतं ना? त्यातली रोगाशी लढायची ताकद दोन वेळा डबा दिला म्हणून वाया जात नाही. थोडं दिलं तरी ते दिलेलंच असतं. पण ‘एकदा डबा लागला की संपलं’ हे वाक्य इतक्या जणींनी ऐकलेलं असतं की पहिली बाटली दिली त्याच दिवशी त्या मनानं सोडून देतात, आणि मग खरंच सुटतं. NFHS-५ या सरकारी पाहणीत देशात सहा महिन्यांच्या आतली ६३.७ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती, चांगलंच आहे, पण राहिलेली बाळं कोणाची आहेत, त्यांच्या आया पण पेपर वाचतात.

आता मापाचं. माझ्या माहेरच्या गल्लीत एक वहिनी आहे, नवरा जिनिंगमध्ये कामाला. तिची मुलगी माझ्या बाळाच्या आधी महिनाभर झालेली आणि माझ्या बाळापेक्षा बारीक. मी एकदा तिच्याकडे बसले होते तेव्हा ती दूध बनवत होती, बाटलीत १०० च्या रेघेपर्यंत पाणी आणि वर एक चमचा पावडर. एकच. मी म्हटलं वहिनी हे काय, तर म्हणाली घट्ट पचत नाही तिला, आणि डबा पंधरा दिवस गेला पाहिजे. ती बाई आळशी नाही, अडाणी नाही, बारावी झालेली आहे, तिला कोणी डब्यावरचं वाचून दाखवलं नव्हतं आणि डबा पाचशेच्या वर होता. ती लेकीला गेले दोन महिने पांढरं पाणी पाजत होती. लेक रडायची ती भुकेनं, आणि सगळे म्हणायचे गॅस झालाय, आणि ग्राइप वॉटर.

आपल्याकडच्या बहुतेक डब्यांना ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा लागतो, पण आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचंच, आणि चमचा त्याच डब्यातला वापरायचा, चहाचा नाही. सपाट म्हणजे वरून सुरीच्या पाठीनं ओढून काढलेला, शिगोशिग नाही आणि दाबून भरलेला पण नाही. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर. ९० मिलीला तीन चमचे. पातळ केलं तर बाळ वाढत नाही, घट्ट केलं तर पोट गच्च होतं आणि अंगातलं पाणी कमी होतं. दोन्ही वाईट.

आणि खर्चाचा हिशोब मी वहिनीला वहीवर करून दाखवला तो इथे लिहिते. बाळाला साधारण किलोमागे १५० मिली दूध दिवसाला लागतं, म्हणजे ४ किलोच्या बाळाला ६०० मिली, म्हणजे २० चमचे, म्हणजे ८५-९० ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा पाच दिवससुद्धा जात नाही. महिन्याला सहा-सात डबे, तीन-साडेतीन हजार रुपये. ज्या घरात बाई कापूस वेचायला जाते आणि रोजानं तीनशे मिळतात तिथे हे कुठून येणार, म्हणून चमचा कमी होतो. तेच जर दिवसाला दोनदा ९०-९० मिली डबा आणि बाकी सगळं अंगावर असेल तर सहा चमचे लागतात आणि तोच डबा पंधरा दिवस जातो, पातळ न करता. अंगावरचं टिकवणं हे गरिबाच्या घरात नुसतं बाळाच्या तब्येतीचंच नाही, खिशाचंही काम आहे, हे लेखात कोणी लिहीत नाही. वहिनीनं त्या दिवशीपासून परत छातीला लावायला सुरू केलं, तिसऱ्या महिन्यात. वेळ लागला, पूर्ण आलं नाही, पण रात्रीचं आणि पहाटेचं आलं. आणि दिवसाच्या बाटलीत चमचे पूर्ण पडायला लागले.

डबा परवडत नाही म्हणून गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध पाणी घालून द्यायची पद्धत आमच्याकडे अजून आहे. एक वर्ष होईपर्यंत ते मुख्य दूध म्हणून नको. त्यात लोह कमी पडतं, बाळाच्या किडनीवर ताण येतो, आणि पाणी घातलं की उरलेलं सत्वही जातं. मधाचं बोट पण नको, वर्षाच्या आत मध म्हणजे धोका आहे, कितीही शुद्ध असला तरी.

पाण्याबद्दल. उन्हाळ्यात आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी साठवलेलं असतं किंवा जारचं. जारचं पाणी थंड आणि गोड लागतं म्हणून ते बाळाला चालतं असं नाही, उकळावंच लागतं. आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली की पावडर स्वतः निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० डिग्रीच्या खाली उतरायच्या आधी, त्यात पावडर घालायची, हलवायची, आणि मग ती वाटी किंवा बाटली गार पाण्याच्या पातेल्यात धरून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. आम्ही आधी उकळून पार गार केलेल्या पाण्यात पावडर घालायचो, सगळेच घालतात. बनवलेलं दूध दोन तासात संपवायचं, आणि बाळानं तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात टाकायचं, कितीही जीव तुटला तरी, मे महिन्यात तर लगेच. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा तो याचसाठी पण, बाटलीच्या बुचात कोपऱ्यात दूध राहतं, वाटीत काय राहिलं ते डोळ्याला दिसतं.

नोकरीबद्दल थोडं. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. कायद्यानं, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, २६ आठवड्यांची पगारी सुट्टी आहे, आणि कामावर आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ. पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आमच्याकडे मी धरून सहा जण. मला तीन महिने मिळाले, बिनपगारी. शेतात जाणाऱ्या बाईला तर तेवढेही नाहीत, ती महिन्याभरात बांधावर झोळी बांधते. तर मी चौथ्या महिन्यात कामावर गेले तेव्हा काढून ठेवलेलं दूध २५ डिग्रीला चार तास टिकतं असं वाचलं, पण आमच्याकडे खोलीत २५ डिग्री फक्त डिसेंबरात असतं, फ्रिज ऑफिसात नाही. मग मी ठरवलं, दुपारच्या दोन वेळा सासूबाई डब्याचं देतील, आणि सकाळी निघताना, संध्याकाळी आल्या आल्या, आणि रात्रभर मी. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत दार लावून हातानं काढायचे, म्हणजे तुंबत नाही आणि कमी पण होत नाही. सासूबाईंना चमचा सुरीनं सपाट करायला मी शिकवलं आणि त्यांनी तो एक दिवस चुकवला नाही, मला फोन करून सांगायच्या तीन टाकले बरं का. असं करून बाळ चौदा महिने अंगावर प्यायलं. ते दोन वेळचं डब्याचं नसतं तर मी एकतर नोकरी सोडली असती नाहीतर अंगावरचं.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही ती पण लिहिते. बाळ अंगावर पितंय तोवर दिवस जात नाहीत असं सगळ्या बायका धरून चालतात. ते खरं कधी, तर बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि रात्रंदिवस पूर्ण अंगावरच असेल तेव्हा. डब्याचं सुरू झालं, मधले तास वाढले, की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. माझ्या जावेला बाळ सात महिन्यांचं असताना दिवस गेले. दवाखान्यात चिठ्ठी देताना हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

कायद्याचंही एक. १९९२ चा कायदा आहे, २००३ ला अजून कडक केला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या डब्याची, बाटलीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो टाकता येत नाही, फुकट सॅम्पल देता येत नाही, आईचं दूध सर्वात चांगलं हे डब्यावर छापावंच लागतं. हा कायदा पाहिजेच, मी त्याच्या बाजूनं आहे, कंपन्यांना मोकळं सोडलं तर प्रत्येक खाटेवर डबा येईल. पण कायदा जाहिरातीवर बंदी घालतो, आईला माहिती द्यायला नाही. दवाखान्यात या विषयावर सगळे गप्प बसतात आणि मग ती माहिती मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा देतो. आणि डब्याच्या आधी दुसरीही वाट असते, दुसऱ्या आईचं तपासलेलं दूध. मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. कमी दिवसाच्या, कमी वजनाच्या बाळांसाठी ती केवढी मोठी गोष्ट आहे. माझं बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर मला हा शब्द पहिल्यांदा कळला.

साहेब, माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या लेखात वरचं दूध द्यावं लागलेल्या आईसाठी निम्मं पान ठेवा. कोणाला खरंच द्यावं लागतं, आधी अंगावर कसं, माप कसं, पाणी कसं, कमी कसं करायचं, लंगोट किती, वजन किती. बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या, माझं आहे ते अनुभवाचं आहे, बाळ आजारी असेल, कमी दिवसाचं असेल, लघवी कमी होत असेल तर पेपर वाचत बसू नये, दवाखान्यातच जावं. शक्य असेल तर अहिराणीत पण छापा, आमच्या आज्या-मावश्या ऐकतील. आणि जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या डॉक्टरांना माझं हात जोडून सांगणं आहे की डब्याची चिठ्ठी लिहिताना तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सिस्टरला चार ओळी लिहायला सांगा, आणि सुट्टी द्यायच्या आधी एकदा, फक्त एकदा, कोणीतरी पूर्ण वेळ बसून पाजताना बघा.

माझ्या भावजयीला आता आठवा लागलाय, दिवाळीच्या आधीची तारीख दिलीय. आईनं अळीव आणून ठेवलाय, डिंक आणायचाय. मी मागच्या रविवारी जाऊन ती स्टीलची वाटी, छोटा चमचा आणि वही तिच्याकडे देऊन आले, आणि आशाताईचा नंबर भावाच्या मोबाईलमध्ये टाकून दिलाय.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)